वेलाचं पान आधी उलटून बघा

दुधी, गिलकी, दोडकी, डांगर, काकडी आणि हल्ली गच्चीवर हौसेने लावलेली झुकिनी. वेल निरनिराळे, पण पत्रांतली तक्रार एकच : "पानं खराब झाली, काय फवारू?" सोबतचा फोटो वरून आणि लांबून काढलेला. पानाची खालची बाजू कुणी दाखवतच नाही, आणि निम्मं निदान तर तिथेच असतं. म्हणून या वेळी फक्त पानांचेच प्रश्न घेतो.

भर उन्हाळ्यात डांगराची पानं दुपारी लुळी पडतात, संध्याकाळी पुन्हा ताठ होतात. म्हणून दोन वेळा पाणी देतोय. चालेल? (जळगाव)

नको, सकाळी एकदाच, पण मुरेल इतकं द्या. आपल्या काळ्या जमिनीत जास्तीच्या पाण्याने मुळं गुदमरतात. सकाळीही पान लोंबलेलंच दिसलं, तर मात्र बुंध्याजवळ उकरून बघा. मुळं कुजलेली किंवा त्यांवर गाठी आलेल्या असतील तर ते मूळ तज्ज्ञाला दाखवा.

झुकिनीच्या पानांवर चंदेरी ठिपके आलेत. भुरी समजून गंधक आणून ठेवलंय. (धुळे)

गंधकाची पुडी उघडू नका. आधी ठिपका बोटाने पुसा. तो पुसला जात नसेल आणि शिरांच्या बेचक्यात सगळ्या पानांवर तशीच नक्षी असेल, तर तो त्या जातीचा गुण आहे, रोग नाही. अख्खं पानच चंदेरी पडत चाललं असेल तर खालून पांढऱ्या माशीची पिल्लं शोधा. खरी भुरी पीठ सांडल्यासारखी दिसते आणि बोटाला लागते. ती बहुधा जुन्या, सावलीतल्या पानांवर आधी येते. तिला पाऊस लागत नाही. दिवस कोरडे आणि रात्री गार, एवढं तिला पुरतं. सुरुवातीला तशी पानं काढून वेल मोकळा केला तरी बराच आवर बसतो.

गंधकाबद्दल स्पष्ट सांगतो : वेलवर्गीय पिकं त्याला नाजूक असतात आणि पारा पस्तिशीच्या आसपास गेला की पानं करपतात. आपल्याकडे मार्चपासून दुपारी काय तापमान असतं ते तुम्हाला सांगायला नको. दुकानदाराने हे सांगितलं नसेल, तर पुडीवरचं लेबल वाचा.

दोडक्याच्या पानांवर पिवळे, कोनाकोनाचे डाग आहेत. शेजारचे म्हणतात, भुरीच आहे, आंबट ताक मारा. (अमळनेर)

ही भुरी नाही, केवडा हा बुरशीचा रोग वाटतो. डाग शिरांच्या चौकटीत अडकलेला असतो, म्हणून त्याला कोन येतात. पहाटे दव असताना पान उलटलंत तर डागाच्या खाली करडी-जांभळट बुरशी दिसेल. ऊन चढलं की ती नीट दिसत नाही, म्हणून पहाटेच बघा. ताकाने केवडा थांबत नाही, ताक मारण्यात आठवडा मात्र जातो. ढगाळ हवेत तेवढ्या दिवसांत अख्खा मांडव करपू शकतो. डागाळलेली पानं आजच काढा, पाणी पानांवर न मारता बुडाशी द्या आणि उद्या पान घेऊन कृषी विज्ञान केंद्र गाठा. औषध लागेल की नाही, कोणतं आणि फवारल्यावर किती दिवस तोडणी करायची नाही, हे तिथूनच लिहून घ्या.

रोपांच्या पानांना भोकं, वर नारिंगी-लाल किडे. (शिरपूर)

तांबडे भुंगेरे. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाका. दोन-चार पानांच्या रोपावर राख टाकायची जुनी रीत वापरायला हरकत नाही. मोठा वेल हा उपद्रव सोसतो.

पानावर पांढऱ्या नागमोडी रेषा. (नंदुरबार)

नागअळी आहे, पानाच्या आतून पोखरत जाणारी. ती पानं खुडून नष्ट करा, फवारणी नको.

आमचं घर केळीच्या बागेला लागून आहे. परसातल्या काकडीची आणि डांगराची शेंड्याची पानं आकसलीत, हिरवे-पिवळे चट्टे पडलेत. दुकानातून तीन बाटल्या आणल्या : टॉनिक, कीटकनाशक आणि एक 'खास व्हायरसवरची'. कोणती आधी मारू? (रावेर)

एकही नाही. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी उशिराच विचारलं जातं, म्हणून सविस्तर लिहितो.

वर्णनावरून हा मोझॅक, म्हणजे विषाणूचा रोग वाटतो. विषाणू शिरलेल्या वेलाला बरं करणारं औषध बाजारात नाही. तिसऱ्या बाटलीवर काहीही छापलेलं असो, तुमचे पैसे गेले. टॉनिकने दोन हिरवी पानं फुटतील, तीही आजारीच. कीटकनाशकाचंही तसंच. मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पानात सोंड टोचतो त्या काही क्षणांत विषाणू उचलतो आणि पुढच्या झाडावर तितक्याच वेळात सोडतो. औषध लागून तो मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं.

आता केळीचं. काकडीवरचा मोझॅक विषाणू केळीलाही लागतो. आपल्याकडे शेतकरी ज्याला 'हरण्या' म्हणतात, तो हाच. केळीच्या पानावर पिवळट पट्टे येतात, पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, सडतो, झाड वाढत नाही आणि शेवटी उपटावं लागतं. मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावलेल्या केळीची, कोवळी रोपं जून-जुलैत लागतात, तेव्हा पावसाळी हवेत मावाही वाढतो. म्हणूनच केळीच्या बागेत आणि बांधावर काकडी, भोपळा, कारली, टोमॅटो, मिरची घेऊ नका असं सांगितलं जातं. परसातले दोन वेल या नियमात बसत नाहीत असं समजू नका. माव्याला तुमचं कुंपण आडवं येत नाही, आणि शेजाऱ्याचं वर्षभराचं उत्पन्न त्या बागेत उभं आहे.

एक शंका आधी फेडून घ्या. जवळ मक्यात किंवा उसात तणनाशक मारलं असेल, तर त्याच्या वाऱ्यानेही कोवळी पानं अशीच आकसतात. फुलकिडे आणि कोळी (रस शोषणारी बारीक कीड) यांनीही पानं मुरडतात. म्हणून आजच पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून केंद्रात दाखवा. तिथे मोझॅक सांगितला, तर वेलावर आधी मोठी पिशवी घाला, मग उपटा, म्हणजे मावा उडून बागेत जाणार नाही. तोंड बांधून खोल पुरा. उकिरड्यावर किंवा बांधावर टाकू नका. त्या वेलाचं बी धरू नका. शेजारच्या केळीवाल्यांना स्वतः जाऊन सांगा, म्हणजे ते आपली रोपं तपासतील.

रोगट वेलाची फळं खावीत का? (चोपडा)

पानांचे हे रोग माणसाला लागत नाहीत. औषध फवारलं असेल तर लेबलवरचे दिवस जाऊ द्या. दुधी मात्र चाखून कडू लागला तर घोटभर रसही पिऊ नका, आणि पिऊन उलटी झाली तर लगेच डॉक्टरकडे जा.

निंबोळी तेल दर आठवड्याला खबरदारी म्हणून मारू का? (पाचोरा)

नको.

केंद्रात नेताना काय न्यावं? (शहादा)

एक आजारी पान, एक चांगलं पान आणि शेंडा, कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून. प्लॅस्टिकमध्ये पान घामेजून सडतं आणि बघण्यासारखं काही उरत नाही. मोझॅकची शंका असेल तेवढंच पान तोंड बांधलेल्या पिशवीत, आणि त्याच दिवशी. आतापर्यंत काय काय मारलं ते बाटल्यांच्या नावांसह लिहून न्या. जळगाव जिल्ह्यात ममुराबाद आणि पाल इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत, धुळे आणि नंदुरबारलाही आहेत. जाणं होत नसेल तर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर फोन करा, आणि करताना पान हातात असू द्या. पहिला प्रश्न खालच्या बाजूचाच येईल.