व्हीआर लावून रूट कॅनल केलं तर खरंच दुखत नाही का?

खालची दाढ ठणकतेय, आणि घोडबंदर रोडवर "व्हीआर लावा, रूट कॅनल दुखणारच नाही" अशी पाटी दिसली, तर जादा पैसे द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. मी ठाण्यातच दातांची प्रॅक्टिस करतो. पाटी खोटी आहे. व्हीआर म्हणजे डोळ्यांवर चढवायचा हेडसेट, आत आभासी दृश्य दिसतं. पण दाढेची नस बधिर होते ती भुलीने, हेडसेटने नाही.

हेडसेट लक्ष दुसरीकडे खेचतो. भीती उतरते आणि जे थोडंफार जाणवतं ते कमी बोचतं. एवढा उपयोग खरा आहे. अमेरिकेत सिॲटलचे संशोधक हंटर हॉफमन यांनी २००१ मध्ये हिरड्यांच्या खोल सफाईत हे तपासलं होतं, पण पेशंट दोनच. मला २०१८ चा इंग्लंडमधला अभ्यास जास्त पटतो. व्हीआरमध्ये समुद्रकिनारी फिरलेल्या पेशंटना कमी दुखलं, शहरात फिरलेल्यांना काही फरक पडला नाही. म्हणजे हेडसेट कुठल्या कंपनीचा यापेक्षा आत काय दाखवता ते महत्त्वाचं.

आता तुमची दाढ. ठणकणाऱ्या खालच्या दाढेत नेहमीचा ब्लॉक (जबड्याची नस बधिर करणारं इंजेक्शन) बऱ्याचदा अपुरा पडतो, कारण नसच सुजलेली असते. ओठ जड झाला म्हणून दाढ बधिर झाली असं होत नाही. इंजेक्शननंतर दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग कोल्ड स्प्रे मारलेला कापूस दाढेला लावून बघायचं. कळ आली तर गालाच्या बाजूने आर्टिकेन हे भुलीचं औषध किंवा दाताच्या लिगामेंटमध्ये, म्हणजे दाताला हाडाशी धरून ठेवणाऱ्या तंतूंमध्ये, जादा डोस. माझ्या एका व्यवसायबंधूंचं म्हणणं असतं की हेडसेट असला की एवढं थांबावं लागत नाही. साफ चूक. अर्धवट भुलीवर नस उघडली की कुठलाच समुद्र कामाला येत नाही, आणि तो पेशंट पुढची पाच वर्षं दाताच्या डॉक्टरकडे फिरकत नाही.

भूल चढेपर्यंतचा वेळ हेडसेट बसवायला पुरतो. आधी खुर्ची आडवी करायची, मग बटण दाबून ठेवून दृश्य पुन्हा समोर आणायचं. उलट क्रमाने केलं तर क्षितिज छतावर जातं आणि पेशंट मान वाकवत बसतो. मागे कडक पट्टा किंवा बॅटरी असली तर हेडरेस्टवर डोकं टेकत नाही, म्हणून मऊ पट्टाच. दृश्य संथ हवं. डोकं वळवून खेळायचा गेम लावला की फाईल (दाताची नळी साफ करायची बारीक सुई) आत असताना मान हलते. रबर डॅमची, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायच्या रबराच्या पडद्याची, फ्रेम नाकाशी हेडसेटला अडते, तेव्हा डॅमची वरची कड दुमडून घ्यावी लागते. पुढच्या वरच्या दातांना मी हेडसेट लावतच नाही, ओठ वर ओढायला जागा उरत नाही. एक कान मोकळा, डावा हात वर म्हणजे थांबा. प्रत्येक स्पर्शाआधी सांगायचं, कारण समोरच्याला सुई दिसत नसते आणि अचानक लागलं तर तो दचकतो. एअरोटरचा (दात कोरायच्या ड्रिलचा) आवाज हाडातून जातोच, तो हेडफोनने पूर्ण थांबत नाही.

लहान मुलांना आधी आरसा, थुंकी ओढणारी सक्शनची नळी सगळं दाखवून घ्यायचं, हेडसेट नंतर. डोळे झाकूनच सुरुवात केली की मूल जास्त बिथरतं.

पैशाचं म्हणाल, तर तोंडावरचं कव्हर एकदाच वापरायचं असतं, त्याचे थोडे पैसे ठीक. त्यापलीकडे वेगळं पॅकेज मला पटत नाही. फोनवरच विचारा, "भूल लागली की नाही ते कसं तपासता?" उत्तरात फक्त हेडसेटचं कौतुक आलं तर दुसरा दवाखाना बघा. फारच भीती असेल तर नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे इथे डेंटल कॉलेजं आहेत, तिथेही विचारून बघा.

आणि हो, फिट्स येत असतील, चक्कर किंवा अर्धशिशीचा त्रास असेल, डोळे आले असतील किंवा डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर हेडसेट नको. बंद जागेत जीव घाबरत असेल तरी नको, अशांना डॉक्टरचा चेहरा दिसलेलाच बरा वाटतो.