प्रकाशाने जिवाणू मारणारा रेणू: आधी काय बघशील?

नवा रेणू बनवायच्या आधी मिथिलीन ब्लू या नेहमीच्या निळ्या रंगावर हात बसव. १० मायक्रोमोलर म्हणजे लिटरला ३.२ मिलिग्रॅम, पण बाटलीवर ट्रायहायड्रेट लिहिलं असेल तर ३.७. लाल एलईडी ६६० नॅनोमीटरचा घे, कारण रंग ६६४ च्या आसपास शोषतो. ५० मिलिवॅट प्रति चौरस सेंमी प्रकाश १० मिनिटं दिलास की चौरस सेंमीला ३० जूल होतात.

रचनेत धनभाराला पहिला मान दे. प्रकाश पडल्यावर रेणू सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे जिवाणूंना मारणारा अतिक्रियाशील ऑक्सिजन, तयार करतो; तो पाण्यात काही मायक्रोसेकंदच टिकतो, त्यामुळे रेणू जिवाणूला चिकटलेलाच हवा. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्हचं बाहेरचं आवरण ऋणभारित असतं. तिथे भाररहित पॉरफिरिन (प्रकाश शोषणारा वलयाकार रेणू) फारसं लागू पडत नाही, चतुर्थक अमोनियम किंवा पिरिडिनियम असे धनभारित गट जोडलेलं पडतं. रेणूची कार्बन-साखळीची शेपूट लांबवत गेलास तर मात्र रेणू एकमेकांना बिलगतात आणि सिंगलेट ऑक्सिजन घटतो. मिथिलीन ब्लूमध्ये हे बिलगणं शोषण-वर्णपटात ६१० नॅनोमीटरजवळच्या वाढत्या खांद्यावरून (मुख्य शिखराशेजारच्या फुगवट्यावरून) लगेच कळतं, म्हणून वर्णपट दर वेळी काढच.

जिवाणूंच्या पेशी पीबीएसने (फॉस्फेट बफर असलेल्या मिठाच्या पाण्याने) दोनदा धू, माध्यमातली प्रथिनं रंग गिळतात. तुलनेसाठी तीन कंट्रोल हवेतच: नुसता प्रकाश, अंधारात रंग, आणि दोन्ही नाही. अंधारातच जिवाणू मेले तर रेणू मुळात विषारी आहे.

नाशिकच्या एप्रिलमध्ये एलईडीखालची प्लेट झटकन तापते. पंखा लाव, तापमान नोंदव. प्लेटिंग (जिवंत जिवाणू मोजायला ते अगारवर पसरणं) खिडकीपासून दूर कर. ३ लॉगपेक्षा, म्हणजे हजारपटीपेक्षा, कमी घट आली तर त्याला जिवाणुनाशक म्हणू नकोस.