जे-कटला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की सिनेमाच्या एडिटिंगमधल्या जे-कट आणि एल-कटला (चित्र बदलायच्या आधीच पुढचा आवाज आणणं, किंवा चित्र बदललं तरी मागचा आवाज चालू ठेवणं) मराठी शब्द आहे का, आणि 'ध्वनी-अतिव्याप्ती' चालेल का. मला विचाराल तर नको. एकतर अतिव्याप्ती हा न्यायशास्त्रातला, म्हणजे कोर्टातला नाही तर जुन्या तर्कशास्त्रातला शब्द, तिथे तो व्याख्येचा दोष मानतात, आणि दुसरं म्हणजे आवाज आधी घुसला की नंतर रेंगाळला हे त्यातनं कळतच नाही, सगळी गंमत तर तिथेच आहे.

ही नावं आकारावरनं पडलीयत. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या टाइमलाइनवर वर चित्राची पट्टी, खाली आवाजाची. पुढच्या सीनचा आवाज चित्राआधी सुरू केला की खालची पट्टी डावीकडे बाहेर येते, इंग्रजी 'जे'च्या शेपटीसारखी. मागच्या सीनचा आवाज पुढच्या चित्रावर चालू ठेवला की ती उजवीकडे लांबते, झाला 'एल'. आता देवनागरीत 'जे' लिहिलं की शेपटी गायब, उरतं नुसतं सर्वनाम! म्हणून शब्द पाडायचाच तर कामावरनं पाडावा.

मी जे-कटला 'आगाऊ आवाज' म्हणतो. आगाऊ रक्कम असते तसा वेळेआधी आलेला, आणि शेजारच्या कार्ट्यासारखा न बोलावता घुसणारा पण. समजा हिरो गावच्या ओसरीवर गप्प बसलाय, कॅमेरा चेहऱ्यावर, आणि तेवढ्यात 'पुढील स्टेशन, दादर' ऐकू येतं, मग कट, लोकलचा डबा. दोनच सेकंद, टीव्हीच्या हिशोबात 50 फ्रेम, पण तो मुंबईला निघाला हे कुणाला बोलून दाखवावं लागत नाही. हिचकॉकच्या 1935 च्या 'द थर्टी नाइन स्टेप्स' या सिनेमात तर बाईला प्रेत दिसतं, ती किंचाळायला तोंड उघडते आणि ऐकू येते ती आगगाडीची शिट्टी, गाडी त्यानंतर दिसते. आगाऊपणा असावा तर असा.

एल-कटला 'रेंगाळता आवाज'. आई फोनवर 'नीट जेवत जा रे' म्हणतेय आणि आपल्याला पोराची मेसमधली अर्धी टाकलेली थाळी दिसतेय. समोरासमोरच्या संवादात तर हे सर्रास असतं, बोलतो एक आणि चेहरा दिसतो ऐकणाऱ्याचा, पण आपल्या लक्षातही येत नाही.

आणि साउंड ब्रिजला, म्हणजे दोन सीन जोडणाऱ्या अशा आवाजाला, 'ध्वनिसेतू' लेखात ठीक आहे, एडिटरसमोर म्हणालात तर तो हसेल.

आणि हो, प्रश्नात 'जे-कट मारली' लिहिलंय. कट पुल्लिंगी, कट मारला. रचला तरी पुल्लिंगीच.