हजार रुपयांत ब्रश: चोवीसचा सेट नको, पाच सुटे घे

तुझे प्रश्न तीन आहेत: साखरपुड्याला स्वतःचा मेकअप स्वतः करायचा तर पाचशेला मिळणारा २४ ब्रशचा सेट घ्यावा का, खऱ्या केसांचेच ब्रश चांगले असं पार्लरवाल्या ताई म्हणतात ते खरं का, आणि ब्रश धुवायचे कसे. तिन्हींची उत्तरं देते.

सेट घेऊ नकोस. त्या २४ मधले निम्म्याहून जास्त ब्रश तुझ्या हातात कधी येणारच नाहीत, आणि जे रोज लागतात तेच त्यात सगळ्यात हलक्या दर्जाचे असतात. त्यापेक्षा पाच सुटे घे: फाउंडेशनसाठी वरून सपाट आणि दाट केसांचा, पावडरसाठी मोठा मोकळा, गालांसाठी तिरका, आयशॅडो लावायला छोटा चपटा आणि ती मिसळायला एक फुगीर, सैल केसांचा ब्लेंडिंग ब्रश. पैसे थोडे जास्त टाकायचे असतील तर या शेवटच्या ब्रशवर टाक. डोळ्यांवरचा मेकअप पट्ट्या ओढल्यासारखा दिसतो, त्यात बहुतेक वेळा रंगाचा दोष नसतो. ब्रश कडक असतो, त्यामुळे रंग पसरत नाही, एकाच जागी घासला जातो.

ताईंचं म्हणणं जुन्या काळापुरतं बरोबर आहे. शेळीच्या किंवा खारीच्या केसावर बारीक खवले असतात, त्यात सुकी पावडर छान धरून राहते. जपानमध्ये हिरोशिमाजवळच्या कुमानो गावात असे ब्रश पिढ्यान् पिढ्या बनतात आणि त्यांची किंमतही तशीच असते. पण तेच केस फाउंडेशनसारखं पातळ काही लावलं की ते शोषून घेतात आणि धुवायलाही नाजूक असतात. आजचे चांगले सिंथेटिक ब्रश पावडरही नीट उचलतात. कमी बजेटमध्ये ‘खरे केस’ म्हणून जे विकलं जातं ते बहुधा जाडंभरडं असतं, चेहऱ्याला टोचतं आणि गळतं. म्हणून सिंथेटिकच घे.

दुकानात घेणार असशील तर तपासून घे. केसांतून बोटं फिरवून ब्रश तळहातावर दोन-चार वेळा आपट. एखादा केस पडला तर चालेल, पाच-सहा पडले तर ठेवून दे. हाताच्या मागच्या बाजूला दाबून गोल फिरव. टोचला तर पापणीवर त्याहून जास्त टोचणार. मग दांडा धरून धातूची नळी हलवून बघ. तिथे जरासाही खुळखुळाट असेल तर पहिल्या काही धुण्यांतच डोकं हातात येईल.

लायनरसाठी स्टेशनरीच्या दुकानातला चित्रकलेचा बारीक ब्रश खुशाल वापर, स्वस्तात उत्तम काम होतं. फक्त ‘सिंथेटिक’ असं स्पष्ट मागून घे. मुंगसाच्या केसांचे ब्रश अजूनही कुठे कुठे चोरून विकले जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या व्यापाराला बंदी आहे, आणि त्या केसांसाठी मुंगसं मारली जातात. ते अजिबात घ्यायचे नाहीत.

वापरताना दांडा शेवटाकडे धर, म्हणजे दाब आपोआप कमी पडतो. रंग थोडा घे, ब्रश डबीच्या कडेवर झटक आणि मगच चेहऱ्याला लाव. फाउंडेशन आधी हाताच्या मागच्या बाजूला काढ, तिथून ब्रशवर घे आणि ठोकत ठोकत बसव. घासलंस तर रेघा उठतात.

आता धुणं. यात हयगय केली तर महागडा ब्रशही काही महिन्यांत वाया जातो, आणि स्वस्तातला नीट ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांची संघटना दर ७ ते १० दिवसांनी ब्रश धुवायला सांगते. फाउंडेशनचा ब्रश तरी आठवड्याला धूच, नाहीतर जुन्या तेलकट थरातले जंतू पुन्हा चेहऱ्यावर जातात आणि पुटकुळ्या येतात. फाउंडेशन चिवट असेल तर केसांना आधी दोन थेंब खोबरेल लाव, मग तळहातावर बेबी शाम्पू घेऊन गोल फिरव. पाणी कोमट हवं आणि केसांची टोकं कायम खाली. पाणी नळीत शिरलं की आतला गोंद सुटतो आणि लाकडी दांडा फुगतो. त्याच कारणाने ओला ब्रश पेल्यात उभा ठेवू नकोस. बोटांनी आकार देऊन टेबलाच्या कडेला आडवा ठेव, केस कडेबाहेर राहू देत. दाट ब्रशला रात्रभर लागते, पावसाळ्यात त्याहून जास्त. पुरता सुकल्याशिवाय पाऊचमध्ये घातलास तर कुबट वास धरतो. घरात कुणाचे डोळे आले असतील तर डोळ्यांचे ब्रश एकमेकींना अजिबात द्यायचे नाहीत.

साखरपुड्याला महिना आहे म्हणतेस, तर ब्रश याच आठवड्यात घे. नवे ब्रश वापरण्याआधी एकदा धू. सुटे केस आणि जास्तीचा रंग त्यातच निघून जातो. त्यानंतरही केस गळत राहिले तर बदलून घ्यायला वेळ हाताशी राहील.