निसर्गाच्या चमत्कारांवरची चांदीची नाणी जमवायची असतील तर सुरुवात कुठून करावी? पुढे किंमत वाढते का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, म्हणून ते आधी देतो. किंमत वाढते तशी पडतेही, आणि बहुतेक वेळा ती चांदीच्या भावामागे फरफटत जाते. २०११च्या एप्रिलअखेर चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या उंबरठ्यावर होती, आणि २०१५ संपताना चौदाच्या खाली. ज्यांनी वरच्या टोकाला खरेदी केली त्यांच्या नाण्यांवर कितीही सुंदर धबधबा असला तरी भाव सावरायला तो कामाला आला नाही. निव्वळ गुंतवणूकच करायची असेल तर चांदीची साधी लगड घ्या, वजनाच्या मानाने स्वस्त पडते. नाण्यासाठी जादा पैसे मोजायचे ते त्यावरच्या कामासाठी.

आता सुरुवातीबद्दल. मी तरी अमेरिकी टांकसाळीच्या ‘अमेरिका द ब्युटिफुल’ या नाण्यांच्या मालिकेकडे बोट दाखवेन. २००८च्या कायद्याने ती ठरली आणि २०१० ते २०२१ या काळात निघाली. प्रत्येक राज्य, राजधानीचा जिल्हा आणि पाच प्रदेश यांना एकेक राष्ट्रीय उद्यान किंवा ऐतिहासिक स्थळ मिळालं, अशी एकूण ५६ चित्रं. ती चित्रं नेहमीच्या पाव डॉलरवर आली आणि तीच जशीच्या तशी पाच ट्रॉय औंसांच्या (मौल्यवान धातू तोलायचं माप) चांदीच्या नाण्यावरही. हे नाणं म्हणजे तीन इंच व्यास, १५५.५ ग्रॅम वजन आणि ९९९ शुद्धता. एवढा ऐवज हातात असून त्यावर दर्शनी किंमत मात्र पाव डॉलर! एवढ्या मोठ्या चकतीवर छाप उठवण्यासाठी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीला जर्मन बनावटीचा खास प्रेस बसवावा लागला. नाण्याची कड नेहमीसारखी दातेरी नाही. ती गुळगुळीत आहे आणि तिच्यावर शुद्धता व वजन कोरलेलं आहे.

सगळीच ५६ निसर्गाची नाहीत. गेटिसबर्गची रणभूमी आहे, आणि शेवटचं नाणं टस्कीगीच्या वैमानिकांचं आहे. तुम्हाला डोंगर-दऱ्याच हव्या असतील तर निवड करा, अख्ख्या संचाच्या मागे लागू नका.

निवड करताना एक गोष्ट पाहायची, ती म्हणजे उठाव. चांदीत ना आकाश निळं करता येत, ना लाव्हा लाल. कलाकाराच्या हाती असतात फक्त उंचसखलपणा आणि त्यामुळे पडणारी सावली, तीही जेमतेम मिलिमीटरभर खोलीत. त्यामुळे निसर्गदृश्य हा नाण्यावर उतरवायला फार अवघड विषय आहे. माणसाचा चेहरा नाण्याला मानवतो, दरी मानवत नाही. ग्रँड कॅन्यनच्या नाण्यावर म्हणूनच अख्खी दरी दाखवायचा हट्ट नाही. नॅन्कोवीप या नदीकाठच्या त्रिभुज प्रदेशाच्या वर कड्यात असलेली जुनी धान्याची कोठारं जवळ घेतली आहेत, आणि दरीतून जाणारी कोलोरॅडो नदी मागे ठेवली आहे. पाव डॉलरवर ती कोठारं नुसती भोकं वाटतात. तीन इंचांवर मात्र नजर आपोआप दगडावरून खाली नदीपर्यंत जाते. योसेमिटीच्या नाण्यावर एल कॅपिटनचा कडा आहे. एकच भव्य, सपाट, उभा खडक, म्हणजे उठावाच्या कामाला अगदी सोयीचा. यलोस्टोनवर ओल्ड फेथफुलचा फवारा आहे आणि पुढे रानगवा (बायसन). फवारा मला तितकासा पटत नाही, वाफ धातूत बसत नाही. पण गव्याच्या अंगामुळे चित्राला वजन येतं.

माझ्या मते सगळ्यात जमलेलं २०१४चं आर्चेस. डेलिकेट आर्च ही नैसर्गिक कमान आणि मागे ला साल पर्वत. कमानीच्या पोकळीतून मागचं मोकळं दिसतं, त्यामुळे खोली फुकटात मिळते. २०१२च्या हवाईवर किलाउएया ज्वालामुखीचा उद्रेक आहे. रंगाशिवाय लाव्हा दाखवायचं धाडस म्हणून ते मला आवडतं, पण खरेदीच्या दृष्टीने ते नाणं वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध आहे.

ते कारण म्हणजे संख्या. या पाच औंसी नाण्यांचे दोन प्रकार आहेत. एक चकचकीत बुलियन, म्हणजे मुख्यतः धातूच्या भावासाठी घेतलं जाणारं, ज्यावर टांकसाळीची खूण नाही. दुसरा संग्राहकांसाठीचा, मंद पोताचा, ‘पी’ ही खूण असलेला. २०११मध्ये ग्लेशियर उद्यानाची बुलियन नाणी १,२६,७०० निघाली. पुढच्याच वर्षी हवाईची निघाली २०,०००, आणि ‘पी’वाली तर १५ हजारांच्याही आत. म्हणून हवाईला आजही बाकीच्यांपेक्षा बरेच जास्त पैसे मागतात. २०१०ची पहिली पाच नाणीही प्रत्येकी ३३,०००च होती. त्या डिसेंबरात व्यापाऱ्यांनी इतके चढे भाव लावले की टांकसाळीला मध्ये पडून नफ्यावर मर्यादा आणि ‘एका घराला प्रत्येकी एकच’ अशी अट घालावी लागली. टांकसाळीतली विक्री केव्हाच संपली, आता सगळी खरेदी दुय्यम बाजारातली.

पाच औंस एकदम घेणं खिशाला जड वाटलं तर याच चित्रांचे सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचे चांदीचे प्रूफ पाव डॉलर आहेत, ‘एस’ खुणेचे. २०१८पर्यंत त्यांत ९० टक्के चांदी होती, २०१९पासून ९९.९. प्रूफमध्ये घासून आरशासारखी केलेली पार्श्वभूमी आणि त्यावर धुकट पांढरं चित्र असतं, त्यामुळे आकाश असलेली दृश्यं त्यात खुलतात. पहिल्यांदा हेच घ्या. एका वर्षाच्या पाच नाण्यांच्या संचात आपल्याला काय आवडतं ते कळतं.

रंगीत नाण्यांबद्दल मात्र मी साशंक आहे. नियुए, कुक बेटं, पलाऊ अशा छोट्या बेटराष्ट्रांच्या नावाने दरवर्षी असंख्य चांदीची नाणी निघतात. ठोकली जातात भलतीकडेच, आणि त्या बेटांवरच्या दुकानात ती कुणी कधी मोडत नाही. त्यात चांगली कामंही आहेत. पलाऊची सागरी जीवांची मालिका १९९२मध्ये सुरू झाली. पण ‘फक्त ५०० नग’ या जाहिरातीला भुलू नका. घेणारे पाचशे नसतील तर पाचशे म्हणजे पुष्कळच झाले. आणि छापील रंग असला की उठावाचा आळस झाकला जातो. नाणं तिरप्या उजेडात धरून, रंग नसता तर काय उरलं असतं, ते बघा.

जपणुकीचं थोडक्यात. हवाबंद कॅप्सूल वापरा, पीव्हीसीची मऊ पाकिटं नकोत. त्यांतून सुटणाऱ्या रसायनाने हिरवट चिकट थर चढतो. हवेतल्या गंधकाने नाणं काळवंडलं तरी घासू नका. घासलेल्या नाण्याला संग्राहक हात लावत नाहीत. कॅनडाच्या मेपल लीफ या चांदीच्या नाण्यावर पांढरे डाग पडण्याची जुनी तक्रार होती; त्यांच्या टांकसाळीने २०१८पासून त्यावर उपाय म्हणून मिंटशील्ड प्रक्रिया आणली, तेव्हा त्याआधीचं घेताना फोटो मोठा करून पाहा.

पाच औंसी नाण्यांच्या नकलाही फिरतात. लोहचुंबकावर भिस्त ठेवू नका, तांबं-पितळही चुंबकाला चिकटत नाही. वजन १५५.५ भरलं तरी पुढची चाचणी करा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा, दोऱ्याला बांधलेलं नाणं पेल्याला कुठेही टेकू न देता पूर्ण बुडवा. खरी चांदी असेल तर काटा १४.८ ग्रॅमच्या आसपास थांबतो. तेवढ्याच वजनाचं तांबं साडेसतराच्या जवळ जातं. ग्रेडिंग कंपनीने (नाणं तपासून त्याचा दर्जा ठरवणारी) सीलबंद केलेल्या डबीतल्या नाण्याला ही चाचणी लागू नाही. तिथे डबीवरचा क्रमांक ग्रेडिंग कंपनीच्या साइटवर तपासा, आणि साइटवर फोटो असेल तर तो हातातल्या नाण्याशी ताडून बघा.