मुंबई–न्यूयॉर्क : अंतर तेवढंच, मग तास वेगळे का?

प्रश्न : मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५०० किमी आणि विमानाचा वेग ताशी ९०० किमी. म्हणजे १४ तास पुरायला हवेत. तिकिटावर मात्र जाताना १६ तास आणि येताना साडेचौदा दिसतात. कोणता आकडा धरायचा?

उत्तर : तिकिटावरचा. तुमचा भागाकार चोख आहे, पण ९०० हा वारा नसतानाचा वेग झाला. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. वाटेत सरासरी ताशी ६० किमीचा वारा समोरून आला असं समजा. वेग उरला ८४०, लागले १४ तास ५३ मिनिटं. परतताना तोच वारा पाठीशी, वेग ९६०, वेळ १३ तास १ मिनिट. नुसत्या वाऱ्याने जवळजवळ दोन तासांचा फरक पडला! त्यात धावपट्टीपर्यंतची रांग, वाटेतले वळसे आणि उतरण्याआधीच्या घिरट्या मिळवा. शिवाय वेळापत्रकातला वेळ गेट सोडल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतचा असतो. विमानतळावर कुणाला आणायला निघताना त्या दिवसाचं फ्लाइट स्टेटस बघा, अंतर सांगणाऱ्या साइटवर विसंबू नका.

प्रश्न : सॅन फ्रान्सिस्कोचं विमान थेट उत्तर ध्रुवाकडे का वळतं? नकाशावर तर ही वाट लांबची दिसते.

उत्तर : घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये दोरा ताणून धरा. तो ध्रुवाजवळूनच जाईल, आणि तीच सर्वांत जवळची, साधारण १३,५०० किमीची वाट आहे. सपाट नकाशा उत्तरेकडचा भाग अवास्तव ताणून दाखवतो. अर्थात जवळची वाट नेहमी मोकळी असतेच असं नाही. रशियाचं आकाश २०२२ मध्ये युरोपीय कंपन्यांना बंद झालं, तेव्हा हेलसिंकी (फिनलंड)–टोकियो प्रवास नऊ-साडेनऊ तासांवरून तेराच्या आसपास गेला. शहरं होती तिथेच होती.

प्रश्न : वडिलांचं विमान मुंबईहून पहाटे २ ला सुटून न्यूयॉर्कला त्याच सकाळी साडेसातला पोहोचतं. त्यांना वेळेवर इन्सुलिन घ्यावं लागतं. प्रवास साडेपाच तासांचाच समजायचा का?

उत्तर : मुळीच नाही. दोन्ही वेळा स्थानिक आहेत. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, म्हणजे ते उतरतील तेव्हा मुंबईत संध्याकाळचे ६ वाजलेले असतील. पूर्ण १६ तासांचा प्रवास आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात, मग नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत फरक साडेनऊ तासांचा राहतो. डॉक्टरांना पोहोचण्याची वेळ तेवढी सांगू नका. सुटण्याची वेळ, प्रवासाचे एकूण तास आणि विमानातल्या जेवणाच्या वेळा कागदावर लिहून न्या आणि डोस त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. इन्सुलिन हँडबॅगेतच ठेवा, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठण्याची भीती असते. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असू द्या.