फुप्फुसातील रक्तदाब ७०: पुढे काय?

प्रश्न: माझी धाकटी बहीण ३४ वर्षांची आहे. वर्षभर तिला जिना चढताना धाप लागत होती. आता टू-डी इकोमध्ये फुप्फुसातील रक्तदाब ७० निघाला आहे. या आजाराचे रुग्ण जेमतेम पावणेतीन वर्षे जगतात, असे इंटरनेटवर वाचल्यापासून घरात कोणाला झोप नाही. डॉक्टर मात्र ७० या आकड्याविषयी फारसे बोलले नाहीत. त्यांनी तिला सहा मिनिटे पॅसेजमध्ये चालायला लावले. त्यावरून काय कळते?
– एक वाचक, सातारा

उत्तर: आपण वाचलेला आकडा खोटा नाही, पण तो फार जुना आहे. अमेरिकेत १९८१ ते १९८५ या काळात नोंदलेल्या १९४ रुग्णांपैकी निम्मे २.८ वर्षांच्या आत दगावले होते, आणि तेव्हा या आजारावर खास असे एकही औषध उपलब्ध नव्हते. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून अशी औषधे येत गेली. त्यामुळे तो आकडा आज आपल्या बहिणीला लावणे चुकीचे आहे, हे घरातील सर्वांना आधी सांगा.

डॉक्टरांनी ७० वर भर दिला नाही, हे मला योग्यच वाटते. इकोमधला दाब हा अंदाज असतो. खात्रीसाठी हृदयाच्या उजव्या बाजूत कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून तो मोजावा लागतो. शिवाय रुग्णाचे पुढे काय होईल, हे दाबापेक्षा तो दाब सोसणाऱ्या हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यावर अधिक ठरते. या कप्प्याची भिंत मुळात पातळ, कमी दाबासाठी घडलेली. दाब वाढला की ती आधी जाड होते, पुढे कप्पा फुगतो आणि थकतो. थकलेल्या कप्प्याला रक्त जोराने ढकलता येत नाही, म्हणून आजार बळावत असतानाही दाबाचा आकडा उतरू शकतो. उद्याच्या रिपोर्टमध्ये ७० चे ५० झाले, तर तेवढ्यावरून निर्धास्त होऊ नका.

हा कप्पा किती तग धरून आहे, याचा अंदाज चालण्यावरून येतो. साधारण ३० मीटरच्या सपाट पट्ट्यावर रुग्णाने आपल्या चालीने येरझारा घालायच्या, दम लागला तर थांबायचे, पण घड्याळ थांबत नाही. सहा मिनिटांत ४४० मीटरपेक्षा जास्त अंतर कापले तर ते चांगले लक्षण, आणि १६५ च्या आत राहिले तर काळजीचे. गुडघे दुखत असतील तरीही अंतर घटते, म्हणून ही चाचणी एकटी वाचायची नसते. तिच्यासोबत रोजच्या कामात लागणारा दम आणि हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारे एनटी-प्रोबीएनपी हे द्रव्य पाहतात. हे प्रमाण ३०० च्या खाली असणे चांगले, ११०० च्या वर जाणे वाईट. या तिन्हींवरून, फुप्फुसाच्या धमन्यांच्याच आजारामुळे दाब वाढलेल्या रुग्णांचे गट पाडतात. सर्वांत कमी धोक्याच्या गटात वर्षभरात मृत्यूची शक्यता ५ टक्क्यांहून कमी, तर सर्वांत जास्त धोक्याच्या गटात २० टक्क्यांहून अधिक धरली जाते. हे गटाचे गणित आहे. त्यातून एका माणसाची तारीख निघत नाही. शिवाय गट कायमचा नसतो. उपचार सुरू झाल्यावर तीन ते सहा महिन्यांनी तो पुन्हा ठरवतात, आणि माझ्या मते पहिल्या दिवसाच्या आकड्यांपेक्षा ही दुसरी मोजणी अधिक बोलकी असते. दरम्यान गर्भधारणा मात्र कटाक्षाने टाळावी, कारण या आजारात ती आईच्या जिवावर बेतू शकते.

कारण कोणते, हे आपण लिहिलेले नाही, आणि सर्वांत मोठा फरक तेथेच पडतो. आपल्याकडे संधिवाताच्या तापानंतर झडप अरुंद होऊन दाब वाढलेले रुग्ण पुष्कळ आहेत; झडपेवर उपचार झाले की त्यांचा दाब बहुधा उतरतो. फुप्फुसाच्या धमन्यांत जुन्या गुठळ्या अडकल्या असतील, तर निवडक रुग्णांत त्या शस्त्रक्रियेने काढता येतात आणि आजार जवळजवळ बरा होऊ शकतो. या गुठळ्या शोधण्यासाठी फुप्फुसातील हवा आणि रक्तपुरवठा यांची तुलना करणारा व्ही-क्यू स्कॅन करतात. तो अजून झाला नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना पहिला प्रश्न त्याविषयीच विचारा.